थुंकीत भिजलेली तोफ

शी! आधी हात पुसा मित्रांनो, मग ऐका. मी एक जुनी तोफ आहे. उड्या मारत पुढे जायच्या एका व्हिडिओ गेममधली. तिसऱ्या टप्प्यावर मला भिंतीत कायमची ठोकली आहे. तोंड डावीकडे. मागे वळता येत नाही, थांबताही येत नाही. समोर कुणीही येवो, मी गोळा सोडते.

घडवणाऱ्यांनी आधी माझं फार कौतुक केलं. मग खेळाचे आणखी भाग निघाले आणि प्रत्येकात मलाच चिकटवलं. कधी लाल रंग फासला, कधी डोक्यावर शिंगं बसवली. नव्याचे नऊ दिवस! पुढे पुढे मला माझीच किळस यायला लागली.

पण खरी घाण घरात होती. या घरातला दादा बिस्किटाच्या चुऱ्याने आणि लाळेने माखलेल्या बोटांनी रिमोट धरायचा. टीव्हीवर चित्र आलं नाही की मी जिच्यात राहते ती खेळाची कॅसेट उपसून आत फुंकर मारायचा. फुंकर कसली, पिचकारी! त्याला वाटायचं धूळ उडाली. इकडे आतल्या तांब्याच्या पट्ट्या थुंकीने हिरव्या पडत होत्या. त्याची धाकटी बहीण खेळायला बसली की माझ्या गोळ्याने हमखास मरायची. तो चिडवायचा, तुझ्या सात पिढ्यांना जमायचं नाही. त्या पिढ्या त्याच्याही होत्या, हे त्या शहाण्याला कधी सुचलं नाही.

मग दोघं मोठी झाली. मी कपाटात पडले. झुरळांनी माझ्यावर संसार थाटले, आणखी काय सांगू?

परवा घर रिकामं करायला दोघं आली. संध्याकाळी भंगारवाला टीव्हीसकट सगळं नेणार होता. धाकटी म्हणाली, त्याआधी एकदा तरी हिला ओलांडायचंय. दादाने लगेच कॅसेट तोंडाला लावली. जित्याची खोड! चित्र फाटलं, माझा गोळा तोंडातच अडकला.

"जा पटकन, आता काही करत नाही ती," दादा म्हणाला.

धाकटीने रिमोट खाली ठेवला. "मेलेल्या तोफेला ओलांडून काय मिरवायचं? आण ती कॅसेट इकडे."

तिने काडीला कोरडं फडकं गुंडाळून पट्ट्या पुसल्या. हिरवा, चिकट मळ निघाला. माझ्या अंगाला पहिल्यांदाच स्वच्छ हात लागला, मित्रांनो. तिने कॅसेट परत बसवली, खेळ सुरू झाला. वाटलं, हिला जाऊ द्यावं. पण मला थांबता कुठे येतं? मी गोळा सोडला, ती मेली. पुन्हा आली, पुन्हा मेली. दारात भंगारवाल्याची हाक आली. दादा उठला नाही. धाकटीने ओठ चावला, धावत आली आणि उडी मारली.

गोळा रिकामाच गेला. ती माझ्या पाठीमागे गेली होती, आणि मला मागे बघता येत नाही. जन्मभर मी फक्त हरणारे चेहरे पाहिले. तिचा जिंकलेला चेहरा काही दिसला नाही, नुसता आवाज आला.

"दादा, ही द्यायची नाही. आणि फुंकू नकोस हं."

तेवढंच माझंही मागणं आहे, मित्रांनो. कोरड्या फडक्याने पुसा.