क्लौध कुणाचा

आमच्या सीमेवरच्या गावात कुणी कायमचं इंग्लंडात गेलं, की ‘क्लौधापलीकडे गेला’ म्हणतात. म्हातारा एमरिस त्या मंगळवारी तसाच निघाला होता, लेकीकडे. मेंढ्या विकल्या, शेत विकलं. शेजारच्याच शेतावर राहणारी त्याची बहीण हेलेद मात्र कित्येक वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती.

भांडण या क्लौधावरूनच. कुण्या जुन्या राजाने घालून ठेवलेला मातीचा उंच बांध आणि त्याच्या पायथ्याचा खंदक, नेमका दोघांच्या शेतांमधून जाणारा. बाप मरताना एवढंच बोलला होता, “क्लौध एमरिसचा.” एमरिसने बांधावर कुंपण घातलं. हेलेदने ते उपटून खंदकात फेकलं. झालं!

आता निदान एक शब्द तरी बोलून जावा, म्हणून ती मनुकांचा पाव घेऊन आली. एमरिस बांधावर उभा होता. ती खंदकाच्या काठाशी थबकली.

“ये की खाली,” ती म्हणाली.

“तुझ्या खंदकात? शिव्या खायला?”

“माझ्या? खंदक तुझा! बाबांनी दिलेला.”

“मला बांध दिला, बाई. क्लौध म्हणजे बांध.”

“क्लौध म्हणजे खंदक! आई नाही का ओरडायची, क्लौधात पाणी साचलंय, कोकरू बुडेल?”

“आई दक्षिणेची. तिच्या माहेरी खंदकाला क्लौध म्हणतात.” एमरिसचा आवाज उतरला. “पण मरताना बोलले ते बाबा होते, हेलेद. आणि बाबा इथले.”

दोघांच्या मधे खंदकात काटेरी जाळी माजली होती. दरवर्षी तिला काळी फळं लगडायची आणि तिथेच सडायची. तो म्हणे हिची, ही म्हणे त्याची.

“विचारायचंस तरी,” तो म्हणाला.

“तू कुठे विचारलंस, रेड्या?”

रस्त्यावर लेकीच्या गाडीचा भोंगा वाजला. एमरिस बसत-घसरत खाली आला, तीही खंदकात उतरली. जाळीत उभ्या उभ्याच दोघांनी पाव खाल्ला.

“लोणी कमी लावलंयस.”

“तिकडे तेवढंही मिळायचं नाही.”

गाडी गेल्यावर हेलेदने खंदक चाचपून कुंपणाचा एक जुना खुंट शोधून काढला, अर्धा कुजलेला. तो घेऊन ती बांधावर चढली आणि दगडाने ठोकू लागली. पलीकडून शेताचा नवा मालक ओरडला, “अहो बाई, हे काय चाललंय?”

“कुंपण,” ती म्हणाली. “माझ्या भावाचं.”