घडीच्या खुर्च्या

प्रार्थनागृहात घडीच्या खुर्च्या आल्या आणि मावशीच्या दुष्काळात तेरावा महिना आला. फरशी पुसायची, सतरंज्या अंथरायच्या, दिव्यात तेल घालायचं, चपला रांगेत लावायच्या, हे सगळं होतंच. आता रोज संध्याकाळी खुर्च्या उघडून मागच्या भिंतीला लावायच्या आणि प्रार्थना संपली की मिटून कोठीत न्यायच्या. बरं, त्यांच्यावर कोणी बसत असतं तर गोष्ट वेगळी. महिना होऊन गेला तरी एकाही खुर्चीला माणसाचं बूड लागलं नव्हतं. लोक त्यांच्यावर पिशव्या ठेवत, आणि पाऊस असला तर ओल्या छत्र्या.

या वस्तीत खुर्चीचं आणि देवाचं आधीपासूनच वाकडं. दिवा जमिनीलगत एका बुटक्या दगडावर असतो आणि त्याच्यासमोर उंचावर बसायचं नाही, असा दंडक. डोकं दिव्याच्या वर राहतंच, त्याला इलाज नाही, पण बूड जमिनीला हवं. बसला तो प्रार्थनेला, उभा तो कामाला, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जन्मभर दगडी फरशीवर मांडी घालून प्रत्येकाच्या घोट्यावर बाहेरच्या बाजूने काळा, जाड घट्टा पडलेला. सून बघायला गेलेल्या बायका आधी घोटे बघतात, चेहरा मागाहून. मावशीचे घोटे बघून तिच्या सासूने म्हणे दुसरा प्रश्नच विचारला नव्हता.

देवाने घट्टे दिले आणि गुडघे काढून घेतले. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि मांडी घालणं बंद केलं. उकिडवं बसणं बंद, फरशी पुसायची ती उभ्याने, लांब दांड्याने. घरी पलंगाच्या पायांखाली विटा आल्या, जेवायला स्टूल आलं. प्रार्थनागृहात मात्र काहीच बदललं नाही. दगड तो दगडच.

तेव्हापासून मावशी प्रार्थनेला बसली नव्हती. हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण ती रोज तिथेच असे, दाराशी, चपलांपाशी, हातात फडकं घेऊन उभी. लोकांना वाटे, काय सेवा करते बाई! मावशीला प्रार्थनेचे शब्द काही फार जवळचे वाटत नसत, निम्म्यांचा अर्थही तिला ठाऊक नव्हता. तिला हवा होता तो अर्धा तास. बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा तिथला दुसरा दंडक. पोरं लहान असताना, सासू अंथरुणाला खिळलेली असताना, नवरा गेला तेव्हासुद्धा, तळवे गार फरशीवर टेकले की अर्धा तास तिच्याकडे कोणी काही मागत नसे. आख्ख्या दिवसात तेवढंच तिचं स्वतःचं होतं. उभ्या माणसाला काय, कोणीही हाक मारावी. "मावशी, पंखा जरा वाढवता का?" "मावशी, याला बाहेर न्या ना, रडतोय." "मावशी, माझी एक चप्पल दिसत नाही."

तिची लेक इस्पितळात नर्स होती. आईचे गुडघे शेकताना ती रोज तोच विषय काढायची.

"आई, खुर्च्या आल्यात ना आता? बस की सरळ."

"पहिली मी बसू?"

"कोणीतरी पहिलं बसणारच ना?"

"मग अध्यक्षांनी बसावं. मी पगारी बाई. मी बसले तर म्हणतील, खुर्च्या काय हिच्यासाठी आणल्या? आणि मास्तरीणबाईंचं तोंड बघितलंयस का तू?"

लेकीने मास्तरीणबाईंचं तोंड पाहिलं होतं. निम्म्या वस्तीने त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या. निवृत्त होऊनही त्यांचा दरारा तसाच होता. प्रार्थनेला त्या सगळ्यांच्या आधी येत, खांबाशेजारची जागा धरत आणि सगळे गेल्यावरच उठत. भक्ती असावी तर अशी, असं लोक म्हणत. खुर्च्या आल्या त्या संध्याकाळी अध्यक्षांनी छोटंसं भाषण केलं, ज्यांना त्रास असेल त्यांनी संकोच करू नये वगैरे. भाषण संपल्यावर मास्तरीणबाई मागे वळून म्हणाल्या होत्या, "छान! आता तिकिटं पण लावा." सगळे हसले. झालं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला त्यानंतर कोण पुढे येणार?

मावशीही हसली होती. घरी आल्यावर तिला त्या हसण्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

त्या दिवशी सतरंज्या धुवायच्या होत्या. दुपारभर मावशीने त्या गच्चीवर वाळत घातल्या, उलट्या केल्या, आणि एकेक करून जिन्याने खाली आणल्या. प्रत्येक पायरीला गुडघा कुरकुरत होता. शेवटची सतरंजी अंथरली. दिवा लावला. खुर्च्या उघडल्या. त्यातली कडेची एक डुगडुगत होती, पायाचं रबर निघालं होतं. मावशीने पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवली आणि आता तरी नीट राहते का बघावं म्हणून, फक्त बघावं म्हणून, टेकली.

खुर्ची हलली नाही. मावशीही हलली नाही. पाठ टेकली, पाय आपोआप लांब झाले, आणि गुडघ्यातली कळ हळूहळू उतरायला लागली. अजून कोणी यायला वेळ आहे, तिने मनाशी म्हटलं. एवढं अंग हलकं होईपर्यंत बसते.

तिला जाग आली ती शेवटच्या ओळींनी. या ओळी सगळे मिळून म्हणतात, आवाज चढवून. डोळे उघडले तर समोर पाठीच पाठी. प्रार्थनागृह भरलेलं, दिव्यातलं तेल निम्म्याहून खाली गेलेलं, आणि ती मागच्या भिंतीला खुर्चीवर, मांडीवर फडकं, तोंड उघडं. ती धडपडून उठणार, तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि त्याने तिचं मनगट दाबून धरलं.

शेजारच्या खुर्चीवर मास्तरीणबाई होत्या.

ताठ बसलेल्या, नजर दिव्यावर. त्यांच्या पलीकडे किराणा दुकानदाराची आई. तिच्या पलीकडे काठी घेऊन येणारे पोस्टातले आजोबा, जे बरेच दिवस आलेच नव्हते. त्यापुढे अजून कोणी कोणी. फक्त एका खुर्चीवर अजून पिशवी होती.

प्रार्थना संपली. माणसं उठली, मागे वळून बघत बघत चपलांकडे गेली. मास्तरीणबाईंसमोर बोलण्याची छाती कोणाची होती?

दोघीच राहिल्या तेव्हा मावशी म्हणाली, "बाई, चुकलं माझं. खुर्ची डुगडुगत होती म्हणून जरा टेकले, आणि..."

"घोरत होतीस."

"अगं बाई! मग उठवायचं ना मला!"

मास्तरीणबाईंनी दोन्ही हातांनी गुडघे चोळले. शाळेत असल्यापासून ओळखणाऱ्या मावशीने त्यांना असं करताना पहिल्यांदा पाहिलं.

"रोज सगळ्यांच्या आधी का येते मी? खांबाला धरून खाली बसताना कोणी बघू नये म्हणून. आणि सगळे गेल्यावर उठते, कारण उठताना तोंडातून आवाज निघतो. आज आले तर तू खुर्चीवर. म्हटलं, ही झोपेत पडेल, कोणीतरी शेजारी बसायला हवं. तेवढं कारण पुरलं मला. तुला उठवलं असतं तर तू उभी राहिली असतीस. आणि तू उभी राहिल्यावर मी कोणत्या तोंडाने बसले असते?"

मावशी म्हणाली, "मग तिकिटं लावा असं कशाला म्हणालात?"

"तोंड आहे माझं. पायांच्या आधी चालतं."

मावशीला हसू आलं. "पण बाई, माझी प्रार्थना तर झालीच नाही. दोन वर्षांनी बसले आणि झोपून गेले."

"तिघी-चौघी आल्या होत्या तुला हाक मारायला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकीला पंखा हवा होता. एकीची चप्पल. अध्यक्षही आले होते. मी सगळ्यांना परत पाठवलं."

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? ती बसली आहे म्हटलं."

मावशीने फडकं तोंडाला लावलं आणि ती रडायला लागली. मास्तरीणबाईंनी तिला रडू दिलं, तिला हाक मारली नाही.