समितीला न दाखवलेले उंदीर

उंदीर म्हातारा करणं लोकांना काय पोरखेळ वाटतो? पिल्लू आणायचं, पोसायचं आणि वाट बघत बसायचं. मी दोन वर्षं बघितली. हैदराबादच्या आमच्या संस्थेच्या उंदीरघरात माझे चाळीस म्हातारे होते. टक्कल पडलेले, पोक आलेले, चार पावलं टाकून दम खाणारे. मला त्यांचं कोण कौतुक.

मला त्यांच्या अंगातल्या बी पेशी हव्या होत्या. रोगजंतू आला की त्याला आवरणारी प्रतिपिंडं ह्या पेशी बनवतात. म्हातारपणी नव्या पेशींची भरती आटते, जुन्या जागा अडवून बसतात आणि त्यांना जुनेच शत्रू ओळखू येतात. आमचे वरिष्ठ प्राध्यापक बघा, लगेच कळेल. म्हणून तर लस टोचूनही म्हाताऱ्यांना फ्लू गाठतो. जास्तीच्या डोसाने त्या पेशी हलतात का, एवढंच मला बघायचं होतं. लस देऊन झाली होती, सोमवारी फ्लूचा विषाणू द्यायचा होता. शिष्यवृत्ती संपत आलेली, म्हणजे पुन्हा संधी नाही.

शुक्रवारी सकाळी पिंजरे बघते तर आत काळेभोर, चकचकीत, टणाटण उड्या मारणारे उंदीर.

"यादगिरीअन्ना, माझे म्हातारे कुठायत?" उंदीरघर सांभाळणाऱ्या यादगिरींना मी विचारलं.

"गेले, अम्मा. काल गॅस दिला."

"कुणी सांगितलं?"

"संचालकसाहेबांनी. आज दिल्लीची, पैसे देणारी समिती येतेय ना. म्हणाले, ते टकले हलव तिथून. आता हलव म्हणजे काय, घरी नेऊन मांडीवर बसवू? बदली तरणे ठेवलेत की. एक कमी निघाला तर सांगा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच संचालकांच्या, सोमयाजुलूंच्या खोलीत घुसले.

"सर, माझी दोन वर्षं मारलीत तुम्ही."

"आवाज खाली, हिमबिंदू. समितीला ते रोगट वाटले असते, संस्थेची अब्रू गेली असती. आणि एवढं काय? पिल्लं घालायच्या कामातून काढलेल्या माद्या आहेत, आठ महिन्यांच्या. त्यांनाच म्हातारं म्हण. कोण बघायला येतंय?"

"त्या म्हाताऱ्या? तिशीतल्या बाईवर प्रयोग करायचा आणि औषध आजीला द्यायचं?"

"तू फार बोलतेस."

दुपारी समिती आली. अध्यक्ष वेंकटरत्नम ऐंशीला टेकलेले, हातात काठी. पिंजऱ्यावरची 'म्हातारे' अशी चिठ्ठी वाचून आत वाकून म्हणाले, "हे म्हातारे? वा, काय तब्येत आहे! मी तर लस घेऊनही फ्लूने तीन आठवडे इस्पितळात पडलो. असं का होतं हो?"

संचालकांनी माझ्याकडे डोळे वटारले. वटारा म्हटलं.

"त्याचंच उत्तर शोधत होते, साहेब. ज्यांच्यात ते मिळालं असतं, त्यांना काल मारलं. तुमच्या नजरेला पडू नयेत म्हणून."

"का? कसे दिसत होते?"

"केस गेलेले. पाठ वाकलेली. हळूहळू चालायचे."

वेंकटरत्नम काठीवर भार देऊन संचालकांकडे बघत राहिले.

"मग मला आत कसं घेतलंत?"

जाताना समितीने मोठ्या मनाने माझी शिष्यवृत्ती वाढवून दिली. एक वर्ष. उंदीर म्हातारा व्हायला दोन लागतात.