चॉकलेटी कव्हर

एप्रिल महिना, डोक्यावर कडक ऊन, आभाळात ढगाचा तुकडा नाही, आणि राजारामपुरीच्या एका गल्लीत माझी गाडी बुडत होती. कोपऱ्यावर अपार्टमेंटचा पाया खणणाऱ्या जेसीबीनं पाण्याची मोठी पाइप फोडली. गल्ली मधोमध खोलगट. त्यामुळं निम्म्या शहराचं पाणी माझ्या बंपरला भेटायला आलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

मागं शालूबाई आत्ती बसली होती. तिला कवळीच्या मापाला दाताच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं.

"मार की स्टार्टर," आत्ती म्हणाली.

मी किल्लीला हात घातला आणि थांबलो. गाडीच्या विम्याचं आमचे कृष्णात दाजी बघतात. थोरल्या बहिणीचे मालक. म्हटलं, आधी त्यांना फोन करून विचारावं.

"दाजी, गाडी पाण्यात बंद पडलीया. पाणी दाराला लागलंय."

"किल्ली फिरवू नकोस!" दाजी असे ओरडले की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"का?"

"पाण्यात स्टार्टर मारला की इंजिन पाणी ओढतंय आणि आतला रॉड वाकतोय. गाडी बुडाली तर पॉलिसी पैसं देती. पण तू किल्ली फिरवून इंजिन घालवलंस तर न्हाई देत. त्याला इंजिनचं येगळं कव्हर लागतंय."

"मग घेतलंय की मी कव्हर."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"सम्राट, पॉलिसी करताना मी तुला फोनवर इचारलं, कव्हर कुठलं टाकू? तू काय म्हणालास?"

मला आठवलं. तेव्हा मी गाडीच्या सामानाच्या दुकानात उभा होतो.

"चॉकलेटी," मी म्हणालो.

"मला वाटलं नवी स्कीम आली. कंपनीच्या साइटवर दोन दिवस हुडकली. मग केली साधी पॉलिसी."

मी सीटवरून हात फिरवला. कव्हर झकास होतं. अजून कोरडं होतं.

"मग माझ्याकडं नेमकं हाय तरी काय?"

"तू कुणाला ठोकलंस तर त्याची भरपाई. ती कायद्यानंच लागती. तुझी गाडी आपटली, जळाली, चोरीला गेली तर तुझी बी भरपाई. फकस्त पाण्यात किल्ली फिरवायची न्हाई."

फोन ठेवला. दार उघडावं तर पाणी आत येणार आणि कव्हर जाणार. किल्ली फिरवावी तर इंजिन जाणार. नुसतं बसावं तर मागं आत्ती.

"मला दात न्हाईत म्हणून," ती म्हणाली, "न्हाईतर आत्ता तुला चावले असते."

एव्हाना गल्ली भरली होती. कोल्हापुरात बंद गाडीभोवती मेकॅनिक सोडून सगळे जमतात. मेडिकलवाले सयाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले.

"पावणं, मारा की स्टार्टर! फुल्ल रेस द्या!"

"दाजी नको म्हणालेत."

"पाण्यात दाजी हायत, का तुमी?"

वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास होता. पोरं खिडकीत आली. "वन, टू, थ्री, स्टार्टर!" एका सुरात. मग सरही खिडकीत आले आणि त्यांनी लय धरली.

एसी बिघडल्यामुळं माझी काच खाली होती. सयाजींनी त्यातून हात घातला. "सरका, मी मारतो." त्याच वेळी दोन सीटांच्या मधून आत्तीचा हात आला, बांगड्यांसकट. दोन हात किल्लीवर. त्यातला एकही माझा नव्हता.

मी त्यांच्या बोटांखालून किल्ली उपसली आणि खिडकीतून लांब फेकली.

डुबुक.

वर क्लासची लय चुकली.

"आता ढकला," मी म्हणालो.

दुसरं काही करण्यासारखं कुणाला उरलं नव्हतं. गाडी न्यूट्रलला होती, गल्ली सरळ होती. अकरा-बारा जणांनी जोर लावला आणि गाडी कोरड्या रस्त्यावर आली. तिथं चाक जरा तिरकं गेलं, किल्ली नसल्यामुळं स्टिअरिंग लॉक झालं आणि गाडी रस्त्यात आडवी रुतल्यासारखी थांबली. दोन्हीकडं रिक्षा अडकल्या. मागून सिटी बस आली आणि तिनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

मी एका कानात बोट घालून परत फोन लावला.

"दाजी, गाडी बाहेर काढली. स्टार्टर मारला न्हाई."

"शाब्बास रं वाघा! इंजिन वाचलं. आता टोचन लावून ग्यारेजला न्हे. किल्ली मेस्त्रीकडं दे."

"किल्ली पाण्यात हाय."

मागं बसचा हॉर्न चालूच.

"किल्ली हरवली तर त्याचं बी येगळं कव्हर असतंय," दाजी म्हणाले.

"मग तवा सांगितलं न्हाईसा ते?"

"सांगणारच होतो की. तवर तू रंग सांगितलास."

आत्ती मागंच बसून होती. तिनं सीटवरून सावकाश हात फिरवला.

"रंग मातूर बरा हाय," ती म्हणाली.