कवडूच्या बापाला गिळणारं पेव

मी पेव आहे बरं, विहीर समजून वाकू नका! आंजी गावात, रूपराव पाटलांच्या गोठ्यामागं, पांढरीच्या म्हणजे गावठाणाच्या मातीत, धान्य साठवायला मला खणलं. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, पोट मात्र गाडीभर ज्वारीनंही न भरणारं. आत कडब्याचा थर लावायचा, ज्वारी ओतायची, तोंड मातीनं गच्च लिंपायचं. चार-चार वर्षं दाण्याला किडा नाही. पूर्वजांची अक्कल ती! लोखंडी कोठ्यांनी माझ्यापुढं तोरा मिरवू नये.

पण खोटं कशाला बोलू? जी कोंदट हवा किड्याला मारते, ती माणसालाही सोडत नाही. पाटलांचा गडी कवडू, त्याचा बाप एकदा घाईनं आत उतरला, तो परत वर आलाच नाही. तो सल अजून जात नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळानं गाव पिचलं, तेव्हा रूपरावांनी ज्वारी वाटायला मला उघडलं. माणूस मनाचा मोठा, पण उतावळा. टोपल्या घेऊन सगळी आंजी जमली. उतरायचं काम नेहमीप्रमाणं कवडूचं. आधी दोरीनं कंदील सोडायची रीत; तो विझला, तर आतली हवा जीवघेणी समजायची. त्याच्या बायकोनं, धुरपतानं, तो सोडला. अर्ध्यावरच विझला.

"हवा लागली असन," रूपराव म्हणाले. "उतर गड्या, लोकं ताटकळून राह्यले."

कवडूची पोरंही उपाशीच होती. त्यानं धोतर खोचून पाय आत टाकला. देवा! धुरपतानं त्याचा दंड धरला.

"काऊन अडवून राह्यली?" तो खेकसला.

"पेवात कोठून आली हवा? तुमच्या बापाले यानंच खाल्लं नाई का?" मग ती रूपरावांकडं वळली. "लय घाई असन तं मालक, तुम्हीच उतरा!"

मालकाला असं कुणी कधी बोललं नव्हतं. रूपराव तरातरा आले, वाकले, आत पाहिलं आणि मागं सरकले. स्वतःचा पाय टाकायची वेळ आली, तेव्हा कुठं त्यांना कंदील पटला!

"राहू द्या तोंड उघडं," ते हळूच म्हणाले. "उद्या पाहू."

गाव आणखी एक दिवस उपाशी राहिलं. दुसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला. कवडूनं टोपल्यांवर टोपल्या वर दिल्या आणि शेवटी स्वतःही वर आला. रूपरावांनी पहिली टोपली धुरपताच्या पदरात ओतली.

चौऱ्याऐंशीत मला बुजवायचं ठरलं. म्हातारे हळहळले. धुरपता मात्र सकाळीच हजर. माती टाकायची आणि दोन्ही पायांनी तुडवायची.

"आता माह्या पोराले कोणी उतर म्हणनार नाई," ती म्हणाली.

टाक माये, आणखी टाक. माझी काही तक्रार नाही.