तीन दिवस त्यांचे, तीन आमचे

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि माझे सासरे आबा, नवरा याकोब आणि मी, तिघंही एकदम हललो. मी गॅस बारीक केला. लेक एंजेला माझी ओढणी धरून मागोमाग आली. पाच वर्षांची झाली, तरी मोठी माणसं घुम्यासारखी बसली की तिला माझं काहीतरी धरायला लागतंच.

"कोर्टानं वाटून दिलंय," सासरे म्हणाले. "एक आठवडा विहीर आपली, एक आठवडा हेलनची. यात अन्याव कुठं हाय?"

हेलनकाकू म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या विधवा. बांधापलीकडं एकट्याच राहतात. शनिवारी रात्री उसाला पाणी द्यायला गेल्या आणि पाटात घसरून घोटा सुजवून घरी आल्या.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आबांपुढं ठेवलं.

"शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. विहिरीची पाळीही आठवड्याचीच. दोन वर्षं झाली आबा, दिवसाची लाईट सदा आपल्या पाळीत येते अन् रात्रीची काकूंच्या."

"ते काय आमी केलं? निकाल तर सारखाच हाय."

"निकालानं पाणी सारखं वाटलं. रात्री कुठं वाटल्या?"

लग्नाआधी मी राहुरीला एका वकिलांकडं टायपिंग करायचे. असे कागद बोटांखालून पुष्कळ गेलेत.

"दोन्ही घरं राजी असली तर पाळी बदलून कोर्टात नोंदवता येते. रविवारी चर्चला जातो म्हणून आपली मोटार बंदच असते. उरले सहा दिवस. तीन त्यांचे, तीन आपले. मग लाईट कधीही येवो, दिवस-रात्र दोघांनाही सारखी."

"अन् रात्री कोन जानार? मी? उसात बिबट्या हाय, पोरी!"

याकोब इतका वेळ नखं कुरतडत होता. त्यानं मान वर केली.

"आबा, काकूच्या उसातबी तोच हाय की."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक आठवडा खाली उतरत गेले. दिवाळीपर्यंत तेच निघालं, तेव्हा थांबले.

"काय लिहायचं ते लिही," म्हणाले. मी काकूंना हाक मारायला दाराकडं वळले. "न्हाई, तिला नको बोलवू. सुजल्या पायानं कुठं येती ती. आपनच जाऊ."

कागद घेऊन आम्ही सगळी बांध ओलांडून गेलो. एंजेला माझ्या कडेवर होती. काकू खाटेवर पाय वर करून बसल्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"भावजी, वकिलाकडची सून केलीत," त्या म्हणाल्या, "तिलाबी कॅलेंडर वाचायला दोन वर्सं लागली व्हय?"

आबांना हसू फुटलं, मग याकोबला. मीही हसले. काकूंनी सही केली, आबांनी केली. परवा राहुरीला जाऊन अर्ज द्यायचं ठरलं. गुरुवारपासून विहीर काकूंची, आणि या आठवड्यात लाईट दिवसाची आहे.

परतताना मला फार हलकं वाटत होतं. एंजेलानं माझ्या गळ्यात हात टाकले, गाल गालाला लावला.

"आई, झोपताना आपण खिडकीतून काकूआजीची बॅटरी बघायचो ना, उसात हलणारी?"

"हो गं बाळा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस तू आबांना?"