गोगलगायीचं दार

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. ते विसरणं शक्य नाही, कारण त्या वर्षी वीस मे रोजी माझी ताई कायमची परदेशी जायची होती, आणि त्याच वर्षी तीन महिने आमच्या घरात थर्माकोलचा चुरा होता. केसात, उशीत, भातात. भातातला तर दाताखाली आल्यावरच कळायचा.

आमचे हे शिंपी. रस्त्याला लागून दुकान, दुकानाच्या मागे दोन खोल्या आणि त्याच्या मागे थोडी मोकळी जागा. ह्यांचा कोट अंगात घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ व्हायचा. हे मी बायको म्हणून सांगत नाही, त्या कोटांची काजं करणारी म्हणून सांगते. पण शिंप्याने कापडच कापावं. ह्यांनी त्या वर्षी घर बांधायला काढलं, आणि तेही चाकांवरचं.

त्याला कारण ताईचे यजमान. भावोजी सरकारी खात्यात इमारतींचे तपासनीस होते. चुका काढण्याचा पगार घेत, आणि घरी आले तरी काम सोडत नसत. त्याआधी एकोणीस वर्षं, त्यांच्या बढतीच्या समारंभासाठी ह्यांनी त्यांना कोट शिवून दिला होता. भावोजींनी तो भर मंडळीत अंगावर चढवला, खिशातून टेप काढली आणि डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच लांब असल्याचं जाहीर केलं.

"बाही लांब नाही," हे म्हणाले. "तुमचा हात आखूड आहे."

भावोजींनी मग हातही मोजला. माझ्या मते दोघंही पाव-पाव इंचाने बरोबर होते. पण मला कोण विचारतंय. त्या दिवशी ह्यांनी शपथ घेतली की या माणसाच्या छपराखाली पुन्हा पाठ टेकणार नाही, आणि एकोणीस वर्षं ती पाळली. दोन बहिणींचं येणं-जाणं त्यात आटून गेलं. ताईचं गाव समुद्राकाठी, आमच्यापासून गाडीने नऊ तास. मी एकटी जायची, दोन दिवस राहायची, यायची.

फेब्रुवारीत ताईचं पत्र आलं. तिच्या मुलाने दोघांना कायमचं आपल्याकडे बोलावून घेतलं होतं. वीस मेचं विमान. "त्याआधी आठ दिवस या," तिने लिहिलं होतं. "दोघंही या. मला त्यालाही बघायचंय. एकटी आलीस तर दारातून परत पाठवीन." ताई पत्रात थट्टा करत नसे.

मी पत्र ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"जाऊ," म्हणाले. "पण झोपेन माझ्या छपराखाली."

मला वाटलं एखाद्या लॉजमध्ये खोली घेणार. ह्यांच्या मनात छप्परच बरोबर न्यायचं होतं.

आमची मोटार लहान, तिला फार वजन ओढवणार नव्हतं. म्हणून ह्यांनी लाकडी पट्ट्यांचा सांगाडा केला, त्यात थर्माकोलच्या जाड पाट्या बसवल्या, त्यावर आतून-बाहेरून जाड कॅनव्हास डिंकाने चिकटवला आणि वर रंगाचे तीन हात दिले. हे सगळं डोकं ह्यांचंच. वाळल्यावर ती भिंत बुक्कीने वाजायची, पण दोन बोटांनी उचलता यायची. प्रत्येक वस्तू ताणकाट्याला टांगून तिचं वजन भिंतीवर लिहिलेलं. महिना-दीड महिन्यात चाकांवर एक पाठ वाकलेली, पांढरी, बुटकी खोली उभी राहिली. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा आणि एक हातभर खिडकी. समोरचे औषधवाले रोज दुकान उघडताना विचारायचे, "काय मास्तर, गोगलगाय कधी निघणार?" तेच नाव पडलं.

गोगलगाय निघेना, कारण तिला दार नव्हतं.

दाराचं पहिलं प्रकरण मायेचं. शिंपी कापड कापताना शिवणीत माया सोडतो, म्हणजे उद्या माणूस सुटला तर कपडा सोडता यावा. ह्यांनी दारालाही चारी बाजूंनी बोटभर माया सोडली. साहजिकच ते भोकात गेलं नाही.

"जास्त असलेलं कापता येतं," हे मला समजावत होते. "कमी असलेलं वाढवता येत नाही."

"मग कापा."

कापलं. बरोबर बसलं. ह्यांनी मला बोलावून दाखवलं, तीनदा उघडून लावलं. मग त्यावर कॅनव्हास चढवला, कडांवरून दुमडून, छान इस्त्री केल्यासारखा, आणि त्या दुमडीने दार पुन्हा भोकापेक्षा मोठं झालं. ते दार आमच्याकडे पुढे कितीतरी वर्षं कापड कापायचा पाट म्हणून राहिलं.

दुसरं दार दुमडीचा हिशेब करून केलं. एका बाजूला संध्याकाळी कॅनव्हास चिकटवला, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या दिवशी सावकाश, जेवण झाल्यावर. वाळता वाळता पहिल्या बाजूने दार आपल्याकडे ओढून घेतलं. बसवलं तेव्हा वरचा कोपरा चौकटीत आणि खालचा कोपरा चार बोटं बाहेर. तिसऱ्या दाराला कडेने रबराची पट्टी लावली पाणी येऊ नये म्हणून, तर दारच लागेना. पट्टी काढली तर सगळीकडून उजेड.

तोवर मेची सहा तारीख झाली होती.

"पडदा लावू," मी म्हटलं. "कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा आहे दुकानात. जाऊ तसेच."

"पडदा?"

"हो. आठ दिवस तर राहायचंय."

"तो आधी दार बघेल."

"भावोजी तुम्हाला एकोणीस वर्षांनी बघतील. दार कशाला बघतायत?"

"तपासनीस आहे तो. माणसं बघायला शिकलाय कुठे?"

"मग मी एकटी जाते."

"जा की. ताई दारातून परत पाठवेल." आणि हसले. मला त्या वेळी हातातली कात्री खाली ठेवावी लागली.

खरं सांगते, मला दाराचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की वीस तारीख येणार, ताई जाणार, आणि मी तेव्हा अंगणात थर्माकोल झाडत असणार. आई गेल्यावर माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या या बहिणीने माझ्या वेण्या घातल्या होत्या. आता ती साठीकडे झुकून समुद्रापलीकडे जाणार, म्हणजे पुन्हा दिसणार नाही, हे न कळण्याएवढी मी लहान नव्हते.

दुसऱ्या दिवशी हे लाकूड आणायला गेले आणि मी दुकानातून ताईला फोन लावला, आमचं जमत नाही म्हणून सांगायला. फोन भावोजींनी उचलला.

"ताई नाही. बाजारात गेलीये. काय निरोप?"

"आम्ही येत नाही म्हणून सांगा."

"का?"

"दार लागत नाही."

मग भावोजी म्हणाले, "कशाचं?"

आणि मी बांध फुटल्यासारखी बोलत सुटले. चाकं, थर्माकोल, डिंक, तीन दारं, ताणकाटा, सगळं. आता हा माणूस हसेल याची वाट बघत होते. ते म्हणाले, "पेन्सिल घे."

मी घेतली. मागे टेबलावर कुणाच्यातरी पँटच्या बेताचा खाकी कागद होता, त्यावर लिहायला लागले.

"दार बाहेर उघडतं की आत?"

"बाहेर."

"बरं. कॅनव्हास दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत चिकटवायचा. मग सपाट जमिनीवर ठेवून वर वजन. दोन दिवस हात लावायचा नाही. लिहिलंस?"

"लिहिलं."

"कोपरे चौकोनी केलेत?"

"हो."

"गोल करा. चौकोनी कोपऱ्यात कापडाच्या घड्या जमतात. रबर दाराच्या कडेला नाही, चौकटीच्या आतल्या अंगाला. आणि फट किती ठेवली?"

"फट नाही. माया ठेवली होती."

"त्याला सांग," भावोजी म्हणाले, आणि त्यांना आपल्या बोलण्याचा आनंद झालेला मला नऊ तासांवरून कळला, "कापडाला माया ठेवतात, दाराला फट. चारी बाजूंना तीन मिलिमीटर, तुमच्या भाषेत एक सूत. कापड चढवून झाल्यावर मोजायची, आधी नाही."

"भावोजी, हे आपल्यातच राहू दे."

"मी कशाला बोलतोय," ते म्हणाले.

आता हे ह्यांच्या गळी उतरवायचं कसं? आमच्या गिऱ्हाइकांत एक घड्याळं दुरुस्त करणारे होते. दिवसातून दहा शब्द बोलत, त्यातले चार घड्याळांशी. मी ह्यांना सांगितलं, "घड्याळवाले येऊन गेले. दार बघितलं त्यांनी. म्हणाले..." आणि खाकी कागदावरचं एकेक घडाघडा सांगितलं.

हे ऐकत राहिले. "कापडाला माया, दाराला फट," सावकाश म्हणाले. "बघ. बोलत नाही, पण माणूस काय आहे. बारीक काम करणाऱ्याला कळतं."

"हो ना."

चौथं दार बसलं. नुसतं बसलं नाही, लावताना आतली हवा हळूच बाहेर ढकलून बसलं. ह्यांनी ते दिवसभर उघडलं आणि लावलं. औषधवाल्यांना बोलावून दाखवलं. घड्याळवाल्यांच्या जुन्या पँटा दुरुस्त करून दिल्या, वर दोन नव्या शिवून दिल्या, आणि ते बिचारे "बरं" म्हणून घेऊन गेले.

या सगळ्यात आठातले दोन दिवस गेले. चौदा तारखेला आम्ही गोगलगाय मागे बांधून ताईच्या दारात पोचलो. ताई पायरीवर उभी होती. मी तिच्या गळ्यात पडले तेव्हा माझ्या खांद्यावरून थर्माकोलचा मणी काढून तिने तो निरखून बघितला आणि विचारलं, "हे काय गं, उवा की काय?"

तेवढ्यात भावोजी बाहेर आले. दोघं साडू एकमेकांसमोर उभे राहिले. भावोजी गोगलगायीकडे गेले, आणि ह्यांनी म्हटलं होतं तस्सं आधी दार बघितलं. उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं.

"चांगलं आहे," म्हणाले.

इथे थांबायला हवं होतं. पण ह्यांची छाती फुगली. "त्याचं काय आहे," हे म्हणाले, "कापडाला माया ठेवतात, दाराला फट. लोकांना हे कळत नाही."

भावोजींनी मला दिलेला शब्द आठवडाभर पाळला होता. अजून सहा दिवस पाळलाही असता. पण माणूस सगळं सोसतो, आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून उपदेश म्हणून ऐकणं सोसत नाही.

"ते मीच सांगितलं की," ते म्हणाले. "फोनवर."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे बघितलं. हे गोगलगायीत शिरले आणि दार लावून घेतलं. हवा बाहेर आल्याचा तो बारीक आवाज झाला.

आम्ही तिघं बाहेर उभे. बऱ्याच वेळाने खिडकीतून आवाज आला.

"घड्याळवाल्याला मी दोन पँटा फुकट शिवून दिल्या."

"अहो, बाहेर या."

"गाडी परत वळवतो मी."

तेव्हा मात्र माझं डोकं गेलं. "वळवा," मी म्हटलं. "खुशाल वळवा. मी इथून सहा दिवस हलणार नाही. एकोणीस वर्षं तुम्हा दोघांची टेप आम्ही दोघी मोजतोय. ताई वीस तारखेला जाणारे, आणि तुम्हाला दाराचं पडलंय."

भावोजींनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं आणि दाराच्या फटीत घालून कडेकडेने फिरवत नेलं. खाली एका ठिकाणी ते अडलं.

"उजवीकडे खाली फट कमी आहे," ते दाराला उद्देशून म्हणाले.

आतून आवाज आला, "डावीकडे."

"उजवीकडे."

"तुम्ही बाहेर आहात. मी आत आहे."

"दार नेहमी बाहेरून बघतात."

"राहणारा आतून बघतो."

ताईने माझा हात धरला. "चल आत," म्हणाली. "हे आता जेवायलाच येतील."

आणि आले. एकमेकांशी नीट बोलले असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ती उजवी-डावी कड घासायला दोघंही वाकलेले होते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला कसं घासू नये ते सांगत होता. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "मला त्या गोगलगायीत झोपायचंय. आपण दोघी झोपू." मग ह्यांची पंचाईत झाली. छपराखाली पाठ टेकायची नाही, म्हणून ह्यांनी व्हरांड्यात अंथरूण घातलं, व्हरांडा म्हणजे काही घर नव्हे म्हणून. भावोजी टेप घेऊन बाहेर आले आणि छपराची कड ह्यांच्या उशीच्या किती पुढे येते ते मोजायला लागले. मी आतून बघत होते. ताई इतकी हसली की गोगलगाय हलली.

मग तिने दार ओढून घेतलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. पुढच्या तीन रात्री आम्ही तिथेच झोपलो. ताईने मला तिला कशाकशाची भीती वाटते ते सांगितलं. सुनेला आपण आवडू का, तिथल्या थंडीत गुडघे चालतील का, तिथे मेलो तर कोण ओळखेल. मी तिला काही मोठं सांगू शकले नाही. तिची वेणी घातली. ती म्हणाली, घट्ट घालतेस, आईसारखी.

वीस तारखेला भाड्याची गाडी आली. भावोजींनी जाताना आपल्या हाताने घराला कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. हे त्यांना म्हणाले, "लागलंय."

ताई परत आली नाही, आणि मीही गेले नाही. भावोजींनी तिथून ह्यांना बारा वर्षं पत्रं लिहिली, सगळी तिथे दारं-खिडक्या किती वाईट बसवतात याबद्दल. हे प्रत्येकाला खोडून काढणारं उत्तर लिहायचे. भावोजी गेल्याचं कळलं त्या दिवशी ह्यांनी दुकान उघडलं नाही, कारण विचारलं तर म्हणाले मशीनला तेल घालायचंय. ह्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. घड्याळवाल्यांनी त्या पँटा मरेपर्यंत वापरल्या, का मिळाल्या ते त्यांनी कधी विचारलं नाही. औषधवाल्यांच्या मुलाने दुकान पाडून तिथे चार मजले चढवले. गोगलगायीतून आम्ही पुढे दोन वेळा फिरून आलो, मग तिच्या थर्माकोलमध्ये उंदरांनी घर केलं आणि ती भंगारवाल्याने नेली.

ताई आहे अजून. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दर रविवारी फोन करते. तिला ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडते. मलाही तसंच, म्हणून तीही ओरडते. शेजारच्या सुनेला वाटतं आमचं भांडण चाललंय, आणि ती दर रविवारी येऊन मला समजावते की आजी, आता या वयात मिटवून टाका.